अंदाजपंचे दाहोदरसे

परवा स्टाफरूममध्ये गाड्यांचा विषय निघाला आणि नेहमीप्रमाणे दोन पक्ष पडले. आमच्या एका सहकाऱ्याची जुनी मारुती तेल खायला लागली आहे, मागून निळा धूर सोडते. पहिला पक्ष म्हणाला, "भंगारात घाला सर, किती दिवस ओढणार?" दुसरा पक्ष म्हणाला, "कशाला? रिंगा टाकून घ्या. दहा-बारा हजारांत काम होतं, माझ्या ओळखीचा मिस्त्री आहे." अर्धा तास रणधुमाळी चालली. चहा संपला, तास वाजला, सगळे उठले. त्या अर्ध्या तासात एकानेही विचारलं नाही की बाबा रे, माप घेतलंस का?

मीही विचारलं नाही. गप्प बसलो. घरी आल्यावर मात्र डोक्यातून जाईना, कारण हाच प्रश्न न विचारल्याची किंमत मी तीन वर्षांपूर्वी चुकवली आहे. म्हणून हे लिहितो आहे. थोडं रागानेच लिहितो आहे, सांभाळून घ्या.

आमच्याकडे १९९९ सालची मारुती ८०० आहे, एमएच-२६, म्हणजे नांदेड पासिंग. वडिलांची, अण्णांची. कार्ब्युरेटरवाली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. अण्णा २०१९ मध्ये गेले. गाडी विकावी असं आईला कधी वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नवी गाडी झेपणारी नव्हती. घराचा हप्ता, मुलीची फी. २०२२ च्या पावसाळ्यानंतर गाडी तेल खायला लागली. दर सहा-सातशे किलोमीटरला अर्धा लिटर. चढावर धूर. जानेवारी २०२३ मध्ये मी ती नांदेडच्याच एका मिस्त्रीकडे नेली. त्याने बॉनेट उघडलं, रेस देऊन बघितलं, सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला आणि म्हणाला, "रिंगा गेल्यात सर. इंजन खोलावं लागतंय."

मी म्हणालो, "कमीत कमी किती लागतील?"

हा माझा शब्द. "कमीत कमी." पुढे जे झालं त्याचा अर्धा दोष या दोन शब्दांचा आहे, म्हणून मिस्त्रीचं नाव सांगत नाही आणि सांगणारही नाही. त्याने नव्या रिंगा टाकल्या, बेअरिंगं टाकली, व्हॉल्व्ह घासून घेतले, गॅस्केट बदलली. चौदा हजार रुपये. सिलिंडर बोअर केले नाहीत. मापलेही नाहीत. वर बोटाने चाचपून "बोअर चांगलाय" म्हणाला, आणि मी मान हलवली.

आता गंमत बघा. मी भौतिकशास्त्र शिकवतो. दरवर्षी अकरावीच्या पोरांना पहिल्याच महिन्यात व्हर्नियर कॅलिपर आणि स्क्रू गेज शिकवतो. लघुतम माप म्हणजे काय, शून्य त्रुटी कशी काढायची, तीनदा वाचन घेऊन सरासरी का काढायची. एखाद्या पोराने तारेची जाडी नजरेने लिहिली तर वही फेकतो. आणि तोच मी, माझ्याच गाडीच्या इंजिनवर चौदा हजार खर्च करताना, एका माणसाने बोट फिरवून दिलेला निकाल मान्य करून घरी आलो! स्क्रू गेजचं लघुतम माप ०.०१ मिलिमीटर. इंजिनचा सगळा व्यवहार त्याच शतांशांमध्ये चालतो. बोटाला ते कळत नाही.

मे २०२३. आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी लातूरला न्यायचं होतं, ताई तिथेच असते. सकाळी लवकर निघालो. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. चाकूरच्या अलीकडे तापमानाचा काटा चढायला लागला, मागे निळ्या धुराची शेपटी, आणि मग शिट्टीसारखा आवाज येऊन गाडी बंद. उन्हाने रस्ता हलताना दिसत होता. आई सत्तरीच्या पुढची. एका बाभळीखाली तिला बसवलं, पदर डोक्यावर घेऊन ती बसली आणि म्हणाली, "अण्णा असते तर गाडी अशी झाली नसती." बोलण्यात राग नव्हता, तोच जास्त लागला. दाजी लातूरहून जीप घेऊन आले आणि गाडी टोचन करून नेली.

दाजींच्या ओळखीचे एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचाच म्हणतात. त्यांचा मुख्य धंदा ट्रॅक्टरचा, मोटार क्वचित. मी सवयीने विचारलं, "किती लागतील?" चाचा म्हणाले, "सर, अजून मापलं कुठंय? आधी मापू, मग बोलू."

मग त्यांनी मला जे दाखवलं ते मी क्रमाने सांगतो, कारण जुनं इंजिन कमी पैशात बांधायचं असेल तर सगळं मर्म इथेच आहे.

पहिली गोष्ट, इंजिन उघडण्याआधी कॉम्प्रेशन. प्लग काढून तिथे गेज लावायचा, स्टार्टर फिरवायचा, आकडा लिहायचा. तिन्ही सिलिंडरचा. मग प्रत्येकात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा तेच. ऑइल टाकल्यावर आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर गेलेत, कारण ऑइलने ती फट तेवढ्यापुरती बुजवली. आकडा तिथेच राहिला तर दोष वर आहे, व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये. याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. धुराचंही तसंच. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना एकदाच भपकारा सोडत असेल तर बहुतेक वेळा व्हॉल्व्ह सील गेलेले असतात, ते काही शे रुपयांचं काम. चढावर, ताण आल्यावर सतत धूर असेल तर रिंग-बोअरकडे बघायचं. किती लोकांनी सीलच्या कामासाठी अख्खं इंजिन उघडलं असेल, देव जाणे.

दुसरी गोष्ट, बोअर. मारुती ८०० चा नवा बोअर ६८.५० मिलिमीटर. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या रिंगेची फेरी जिथे संपते तिथे सर्वात जास्त झिजतो, तळाला जवळजवळ नाही. शिवाय पिस्टनचा रेटा ज्या बाजूला बसतो तिकडे जास्त, म्हणजे तो गोलही राहत नाही. म्हणून तीन उंचींवर आणि दोन दिशांना माप घ्यायचं, एका सिलिंडरची सहा मापं. आमच्या दुसऱ्या सिलिंडरचं माप वर ६८.६८ आणि तळाला ६८.५५ निघालं. फरक ०.१३. तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय होतं? रिंग म्हणजे एका जागी कापलेलं वर्तुळ. व्यास जेवढा वाढेल त्याच्या पाय पट, म्हणजे ३.१४ पट, तिची फट उघडते. ०.१३ गुणिले ३.१४, साधारण ०.४१. नव्या रिंगेची फट तळाला पाव मिलिमीटर असेल तर वर ती पाऊण मिलिमीटरच्या जवळ जाणार. मिनिटाला तीन-चार हजार वेळा रिंग उघडणार, मिटणार. चौदा हजारांच्या नव्या रिंगा मी अशा नरसाळ्यात घातल्या होत्या!

आणखी एक. बोअरच्या अगदी वरच्या टोकाला, जिथे जुनी रिंग कधी पोचतच नाही, तिथे न झिजलेली कड राहते. नवी, धारदार कोपऱ्याची रिंग त्या कडेवर आपटते. आमच्या दुसऱ्या सिलिंडरची वरची रिंग दोन तुकड्यांत निघाली. चाचांनी तुकडे माझ्या तळहातावर ठेवले. काही बोलले नाहीत.

तिसरी गोष्ट, हेड. त्यावर सरळ पट्टी आडवी धरून खाली फिलर गेज सरकवायचा. वाकडेपणा पाच शतांशांपर्यंत चालतो, आमचा बारा निघाला. म्हणजे फेसिंग. आणि हेड वाकलं कशाने? गाडी तापल्याने. तापली कशाने? रेडिएटर क्षाराने भरला होता. पाण्याच्या वाटांमध्ये पांढरा थर, नखाने खरवडला तर चुन्यासारखा. आमच्या भागात बोअरचं पाणी किती जड आहे हे सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या काळात रेडिएटरला डिस्टिल्ड वॉटर कोण घालणार? अण्णांनीही बोअरचंच घातलं असणार, मीही घातलं. कूलंटचे पैसे वाचले आणि हेड गेलं.

चौथी गोष्ट, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. चाचांनी क्रँक मापला आणि म्हणाले, "याला हात लावायचा नाही." क्रँकपिन गोल होत्या, मर्यादेत होत्या. ग्राइंडिंगचे आणि अंडरसाइझ बेअरिंगचे पैसे वाचले. व्हॉल्व्ह गाइड ठीक होते, तेही वाचले. म्हणजे मापल्याने खर्च वाढतो ही समजूत खोटी आहे. माप कुठे खर्च करायचा ते सांगतं, तसं कुठे नाही करायचा तेही सांगतं. अंदाज मात्र दोन्हीकडून लुटतो.

सिलिंडर ०.२५ ओव्हरसाइझवर साफ होईना, म्हणून ०.५० वर नेले, बोअरिंगवाल्यांच्या भाषेत वीस थाऊ. नवा बोअर ६९.००. आधी नवे पिस्टन आणले, ते मापले, आणि मग त्यांच्या मापाने बोअर केले. उलटं नाही! होनिंग झाल्यावर चाचांच्या हाताखालच्या पोराने ब्लॉक गरम पाण्याने आणि साबणाने धुतला, पांढरं फडकं फिरवलं, काळं निघालं, पुन्हा धुतला. चार वेळा. होनिंगच्या दगडाची बारीक पूड बोअरच्या रेषांमध्ये बसते आणि नुसत्या पेट्रोलने किंवा रॉकेलने ती निघत नाही. राहिली तर नवं इंजिन पहिल्या दिवसापासून पॉलिश पेपरवर चालतं. साबणाचा खर्च वीस रुपये.

दुसऱ्यांदा एकूण तेवीस हजार लागले. पहिले चौदा पाण्यात. आधीच मापलं असतं तर तेवीसही लागले नसते, कारण हेड तापून वाकलं ते नंतर.

आता माझं म्हणणं. आपण सामानाला पैसे देतो, मापाला देत नाही. नव्या रिंगेचा डबा दिसतो, त्यावर कंपनीचं नाव असतं, बिल असतं. मिस्त्रीने दोन तास वाकून सहा-सहा मापं घेतली, वहीत लिहिली, त्याचं काय दिसतं? "नुसतं बघायचे पाचशे?" असं आपण विचारतो. मग तो बघणं सोडून देतो. शहाणाच आहे तो. ज्याचे पैसे मिळत नाहीत ते काम कोण करेल? बोअर गेज महाग असतो, तो घेऊन ठेवायचा तर गिऱ्हाइकाने त्याची मजुरी दिली पाहिजे. आपण "कमीत कमी"वाले सगळे मिळून चांगले मिस्त्री बिघडवतो आणि नंतर स्टाफरूममध्ये म्हणतो, हल्ली चांगले मिस्त्री राहिले नाहीत.

काटकसर आणि कंजूसपणा यांतला फरक इथे आहे. काटकसर करायला जागा भरपूर आहे. इंजिनचे भाग स्वतः धुवा, बोअरिंगवाल्याकडे स्वतः घेऊन जा. कनेक्टिंग रॉड जुने चालतात, मापात असेल तर क्रँक जुना चालतो, ऑइल पंप तपासून पुन्हा बसवता येतो. रंगरंगोटी नको, बाटलीतलं जादूचं औषध तर मुळीच नको. पण गॅस्केट, ऑइल सील, बेअरिंगं, टायमिंग बेल्ट जुने नको. टॉर्कचा पाना नको म्हणणाऱ्याकडे हेड नको. आणि एअर फिल्टर! आपल्या काळ्या मातीच्या धुळीत त्याच्याइतकी स्वस्त रिंग-रक्षक वस्तू दुसरी नाही. रस्त्याच्या रुंदीकरणाच्या वर्षांत मी तो झटकून झटकून पुन्हा बसवत होतो. दीड-दोनशे रुपये वाचवत होतो!

आता भंगारवाल्या पक्षाकडे वळतो. ते म्हणतात वय झालं, काढून टाका. सरकारचाही सूर तोच आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. २०१९ मध्ये मी त्यासाठी ६०० रुपये फी भरली होती. १ एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली, २०२४ मध्ये मी तेवढी भरली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी ती १०,००० केली. दिल्लीत तर २०१५ मध्ये हरित न्यायाधिकरणाने दहा वर्षांवरचं डिझेल आणि पंधरा वर्षांवरचं पेट्रोल वाहन सरसकट बंद केलं, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं आणि २०२५ मध्ये त्यावरून पुन्हा वाद झाला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटचीही गेली. या सगळ्यात मोजलं काय जातं? कागदावरची तारीख.

त्यांच्या बाजूनेही बोलायला हवं. माझी गाडी नव्या बीएस-६ गाडीइतकी स्वच्छ नाही, कधी होणारही नाही. तिला एअरबॅग नाही, एबीएस नाही, मी तिच्यातून ऐंशीच्या वर जात नाही आणि कुणी जाऊ नये. दिल्लीची हवा मी श्वासात घेत नाही, त्यामुळे तिथल्या माणसाला उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. पण मला सांगा, जी जुनी गाडी तेल जाळत नाही आणि वर्षाला सात हजार किलोमीटर चालते ती, आणि जी सहा वर्षांची गाडी अंदाजपंचे रिंगा टाकून काळा-निळा धूर ओकत फिरते ती, यांतली कुणाला थांबवायचं? वयाने थांबवायचं तर पहिलीला. मापाने थांबवायचं तर दुसरीला. २०२१ च्या स्क्रॅपिंग धोरणात स्वयंचलित तपासणी केंद्रांची कल्पना आहे, ती मला मनापासून मान्य आहे. यंत्राने मापा, नापास झाली तर मी स्वतः भंगारात नेऊन देतो. पण मग फी वयावर कशाला? मापावर घ्या की.

आमच्या लोहा तालुक्यात माळेगावची यात्रा भरते, खंडोबाची. घोड्यांचा, जनावरांचा मोठा बाजार. तिथे शाळेत न गेलेला माणूसही घोड्याचा जबडा उघडून दात बघितल्याशिवाय, दहा पावलं चालवून खूर बघितल्याशिवाय बोली लावत नाही. मालकाने सांगितलेलं वय तो ऐकून घेतो आणि दातावर विश्वास ठेवतो. आणि आम्ही शिकलेली माणसं! आमच्या लातूर-नांदेडात पोरांचे मार्क दोन दशांश स्थळांपर्यंत मोजतो, त्यासाठी वर्षाला लाखभर फी भरतो. त्याच हुशार पोरांचे आम्ही बाप गाडी दारात उभी करून मिस्त्रीला विचारतो, "बोटाने बघून सांग रे, किती लागतील."

गाडी लातूरहून आणली त्या दिवशी आईने अण्णांची गाडीची वही काढून दिली. ती घरात आहे हे मला माहीत होतं, उघडली कधी नव्हती. तारीख, किलोमीटर, पेट्रोल किती लिटर, तेल किती टाकलं. टोकदार पेन्सिलीने, वीस वर्षं. शेवटच्या वर्षाच्या पानांवर "तेल १/४ लि." अशी नोंद आधी चार महिन्यांनी, मग दोन महिन्यांनी येते. म्हणजे झीज अण्णांच्या हयातीतच सुरू झाली होती आणि ती लिहूनही ठेवली होती. मी २०१९ मध्ये ही पानं वाचली असती तर एअर फिल्टर बदलून, सील बघून बरीच वर्षं काढली असती. चौदा हजार, तेवीस हजार, आणि आईची बाभळीखालची ती दुपार.

त्या वहीत आता मी लिहितो. पहिल्या हजार किलोमीटरला साठच्या वर नेली नाही, ऑइल लवकर बदललं. जून २०२३ पासून आजवर एकवीस हजार किलोमीटर झाले, दोन ऑइलबदलांच्या मध्ये वरून तेल घालावं लागलेलं नाही. दर सहा महिन्यांनी कॉम्प्रेशन मापतो, गेज विकत घेतला आहे. उद्या तो स्टाफरूममध्ये नेणार आहे. सहकाऱ्याला म्हणणार आहे, भंगार की रिंगा ते नंतर ठरवू सर, आधी चावी द्या.